सिफिसचं सुतक

सिफिस पेत्रुलाकिसचं त्या जुलैत देवाकडे एकच मागणं होतं. शनिवारपर्यंत गावात कुणी मरू नये. रविवारी अख्खं गाव गेलं असतं तरी त्याची हरकत नव्हती.

शनिवारी रेथिम्नो शहराच्या किल्ल्यावर, समुद्राच्या अंगाला बांधलेल्या मंचावर, त्याच्या लिरावादनाची संध्याकाळ होती. लिरा म्हणजे क्रीट बेटावरची सारंगी, गजानं वाजवायची. लग्नातलं वाजवणं नव्हे, जत्रेतलं नव्हे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या चाली त्याच्या स्वतःच्या, आणि ते सगळं टेपवर घ्यायला अथेन्सहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता. शहरात भिंतींवर कागद लागले होते. त्यावरच्या फोटोत सिफिस मेंढ्या चोरताना पकडल्यासारखा दिसत होता, पण नाव ठळक होतं. वय अठ्ठावन्न. या वयात माणसं सावलीत बसून राकी पितात आणि पोरांच्या वाजवण्याला नावं ठेवतात. ह्याचा हा पहिला कार्यक्रम.

एवढा उशीर का झाला, असं बाहेरच्या कुणी विचारलं की सिफिस वर बोट करायचा. लोकांना वाटायचं, देवाची मर्जी म्हणतोय. तो वर गेलेल्या नातेवाइकांकडे बोट करत असायचा.

क्रीटच्या डोंगरात मयताच्या घरी लिरा वाजत नाही. आई, बाप, भाऊ गेला तर तीन वर्षं. काका, मामा, आत्या, मावशी गेली तर वर्ष. चुलत-मावस भावंडांना चाळीस दिवस तरी. दाढी वाढवायची, काळा शर्ट घालायचा, गाणं गायचं नाही आणि ऐकायचंही नाही. धनगराला हे परवडतं. मालकाचा शर्ट काळा आहे म्हणून मेंढी दूध आटवत नाही. लिरा वाजवणाऱ्यानं काय करायचं? त्यातून आनो लिथारी हे गाव असं, की कुणाच्याही दारात थुंकलात तर ते नात्यातल्याच माणसाच्या दारात पडणार. इथं कुणी परका मरतच नाही.

बाविसाव्या वर्षी सिफिसला अथेन्सच्या स्टुडिओचं बोलावणं आलं होतं. तेव्हाच त्याच्यासारखी लिरा डोंगरात कुणी वाजवत नव्हतं. बोटीचं तिकीट खिशात आणि बाप ओट्यावर बसल्या जागी गेला. मूठमाती देऊन आल्यावर अर्गिरो आत्यानं, म्हणजे बापाच्या बहिणीनं, त्याला उंबऱ्यावर बसवलं, त्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि कात्रीनं पाचही नखं मुळापासून कापून टाकली. लिरा गुडघ्यावर उभी धरतात आणि डाव्या हाताच्या नखांनी तारेला बाजूनं रेटून सूर काढतात. नख नाही तर सूर नाही. नुसत्या बोटानं रेटलं तर घशात कफ अडकल्यासारखा आवाज येतो. आत्यानं मोहच मुळापासून कापला. नखं महिन्या-दीड महिन्यात वाढतात, पण स्टुडिओवाले तीन वर्षं थांबत नाहीत. त्यांनी दुसरा माणूस बघितला.

मग इराक्लिओच्या रेडिओनं बोलावलं, तर पांतेलिस काका तुतीवरून पडला. ऐंशीव्या वर्षी तुतीवर त्याचं काय काम होतं ते त्यालाच ठाऊक. मग मेलबर्नच्या क्रीटकर मंडळानं विमानाचं तिकीट पाठवलं, तर चुलतभाऊ पोलिदोरोसनं पिकअपसकट दरी गाठली. दरवेळी हातातोंडाशी आलेला घास, आणि दरवेळी चर्चची घंटा. पुढेपुढे नखं कापायला आत्या लागेनाशी झाली. मयताची घंटा पडली की सिफिस स्वतःच कात्री उचलायचा. विचार करायचा नाही, विचार केला की हात कचरतो.

वाजवायला बंदी, ऐकायला बंदी, पण डोक्याला काही कुणी कुलूप लावत नाही. मेंढ्यांमागून चालताना त्याची बोटं मांडीवर नाचत राहायची आणि चाली जुळत जायच्या. त्याच्या एकूण एक चाली सुतकातल्या. ही बापाची, ही पांतेलिस काकाची, ही मेल्या पोलिदोरोसची. सुतक फिटलं की तो एखाद्या लग्नात त्या वाजवायचा आणि तिथून समुद्राकाठच्या गावचा लिरावाला फोतिस त्या उचलायचा. फोतिस प्रामाणिक होता, प्रत्येक वेळी सांगायचा, "ही सिफिसची चाल." सांगून सांगून त्यानं दोन मजली घर बांधलं. सिफिसचा त्याच्यावर राग नव्हता. राग होता तो फोतिसच्या नातेवाइकांवर, जे मेले मरत नव्हते.

शनिवारच्या आधीचा आठवडा सिफिसनं गावातल्या म्हाताऱ्यांच्या तैनातीत घालवला. कुणाला मध नेऊन दे, कुणाचं औषध आण, कुणाला ऊन उतरेपर्यंत घराबाहेर पडू देऊ नको. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची किल्ली त्यानं सरळ खिशात घातली. दोन दिवसांत गावाच्या लक्षात आलं. म्हातारा अनाग्नोस्तिस त्याला दारातच म्हणाला, "सिफिस, तू घरी येऊन गेलास की मला छातीत दुखायला लागतं. माझं बरं चाललंय. जा बाबा."

त्याची बायको गारिफालिया रोज टोमणे मारत होती. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मला कधी विचारलंस का, डोकं दुखतंय का गं?"

"तू मरणार नाहीस."

"तेवढी खात्री आहे?"

"शनिवारपर्यंत आहे."

त्याच्या साथीला लाऊतो नावाचं तंतुवाद्य वाजवणारा निकिफोरोस डोंगरापलीकडच्या गावचा, त्यामुळे ह्या सुतकांतून सुटलेला. तो तालमीला यायचा आणि कपाळाला हात लावायचा. "अरे, तू लिरा वाजवणार आहेस की दवाखाना काढणार आहेस? बस इथं. तिसऱ्या चालीचा शेवट अजून घाईत जातोय."

"घाई आहेच," सिफिस म्हणायचा.

खरी भीती होती ती अर्गिरो आत्याची. आत्या ब्याण्णव वर्षांची. जर्मनांनी तिच्या नवऱ्याला भिंतीशी उभं केलं त्या दिवसापासून तिच्या अंगावरचं काळं उतरलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून तिनं एकही गाणं ऐकलं नव्हतं. समोरासमोर घरं. सिफिस वाजवायला बसला की तिच्या खिडकीची फळी धाडकन लागायची. ती फळी ऐकतच तो म्हातारा झाला. जूनपासून ती अंथरुणाला खिळली होती आणि तिची मुलगी एव्हान्थिया तिचं सगळं करत होती.

गुरुवारी तो अंडं-लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप घेऊन गेला. आत्यानं भांड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कोंबडी कापलीस माझ्यासाठी?"

"हो, आत्या."

"माझ्यासाठी की शनिवारसाठी?"

सिफिसनं चमचा पुढे केला. "तू आधी पी."

"पाजतोयस तर असा, जसा काही इंजिनात डिझेल ओततोयस." तिनं दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. जरा वेळानं ती म्हणाली, "सिफिस, इकडे बघ. तुला एक सांगायचंय."

"आत्या, नको बोलूस. दम लागतो तुला."

"अरे, लिराबद्दलच..."

"रविवारी सांग. रविवारी दिवसभर बसतो तुझ्यापाशी. आता श्वास वाचव."

आत्यानं डोळे मिटून घेतले. "गाढव आहेस," एवढं मात्र ती स्वच्छ बोलली. सिफिसला बरंच वाटलं. शिव्या देण्याइतकी ताकद आहे म्हणजे दोन दिवस निघतील, असा त्यानं हिशेब केला.

शुक्रवार निघाला. शुक्रवारी रात्री गारिफालिया मदतीला आत्याच्या घरी झोपायला गेली. सिफिसनं लिरा पुसून ठेवली, पांढरा शर्ट खुर्चीवर काढून ठेवला, आयुष्यात पहिल्यांदाच पांढरा, आणि त्याला झोपही लागली.

शनिवारी उजाडता उजाडता घंटा पडली. एक ठोका, मोठा खंड, मग दुसरा. सिफिस उठून बसला. समोरच्या घरातून बायकांचा आवाज आला तसं कुणाला विचारायचीही गरज उरली नाही. त्याला रडू आलं नाही. त्याला इतका संताप आला की डोळ्यांपुढे काहीच दिसेना. बारा तास, आत्या. बारा तास थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? बाहेर ठोके पडत होते आणि हाताला सवय होती. कपाटातली कात्री कधी उचलली तेही त्याला कळलं नाही. पाचवं नख पडलं तेव्हा घंटा अजून वाजतच होती.

मग त्यानं काळा शर्ट चढवला, डावा हात खिशात घातला आणि समोर गेला.

उन्हाळ्याचे दिवस, मयत ठेवणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्याच दिवशी उरकायचं हे ठीक. पण त्या दिवशी सगळ्यांच्या पायाला जणू चाकं लागली होती. पाद्रीबाबांनी प्रार्थना अशी म्हटली की मधले शब्द हवेतच विरले. अनाग्नोस्तिस काठी टेकत पोरांच्या पुढे चालला होता. पुरुषांचे बूट चकाकत होते, दोन-तीन बायकांच्या कानात मोती होते. चौकात एक मोठी बस उभी होती. बाहेरगावचे नातेवाईक आले असतील असं सिफिसला वाटलं, पण बाहेरगावचे चेहरे काही दिसले नाहीत. ब्याण्णव वर्षांच्या बाईला असं खड्ड्यात लोटून मोकळं व्हायचं? जिनं चाळीस वर्षं सुतक पाळलं तिच्यासाठी ह्या लोकांना तासभर सवड नाही? स्वतःचा संताप बाजूला ठेवून तो आता आत्याच्या वतीनं चिडला.

मातीनंतर सगळे रिवाजाप्रमाणे कॉफी आणि कोन्याक ब्रँडीसाठी मानूसोसच्या काफेनिओत, गावच्या कॉफीच्या दुकानात, आले. मानूसोस सिफिसचा चुलतभाऊ, मेल्या पोलिदोरोसचा सख्खा. गावातला सार्वजनिक फोन त्याच्याच गल्ल्याशेजारी. सकाळपासून टाळलेलं काम आता टाळून चालणार नव्हतं. सिफिसनं उजव्या हातानं रिसीव्हर उचलला, तेवढ्यात मानूसोस ट्रे घेऊन आला.

"कुणाला लावतोयस?"

"किल्ल्यावर. येत नाही म्हणून सांगतो."

"का रे? काय झालं?"

ह्याला ऊन लागलंय, असं सिफिसला वाटलं. "अर्गिरो आत्या गेली, मानूसोस. आत्ता माती टाकून आलास तू."

"ते माहितीये. म्हणून तर भराभर उरकलं सगळं. बस चारची आहे."

"कसली बस?"

पाद्रीबाबांनी कप खाली ठेवला.

"तुझ्या कार्यक्रमाची," मानूसोस म्हणाला. "गाव यायचंय सगळं. तुला किल्ल्यावर गेल्यावरच कळावं असं ठरलं होतं. गेल्या रविवारी बसून बोललो आम्ही, एव्हान्थिया पण होती. म्हातारी मध्येच गेली तरी जायचं, असं ठरलं."

"आणि सुतक?"

कुणी कुणाकडे बघेना. शेवटी मानूसोसनं ट्रे टेबलावर ठेवला आणि आजाऱ्याशी बोलतात तसा बोलायला लागला. "हे बघ, सुतक आता पाळतं कोण? काळा शर्ट घालतो, तेलाचा दिवा लावतो, झालं. आमचा पोलिदोरोस गेला, माझा सख्खा भाऊ, त्याच्या नवव्या दिवशी मी इथं मागच्या खोलीत फुटबॉल बघत होतो. आवाज बंद करून."

"आवाज का बंद?"

"तुझ्यामुळे. तू बाहेर ओट्यावर बसला होतास ना. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून."

"माझ्या?"

"मग काय," एव्हान्थिया म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "धाकटीचा साखरपुडा आम्ही खाली किनाऱ्यावर नेऊन केला, फोतिसला वाजवायला बोलावून. गावात कसा करणार? तू होतास. तुझ्यापुढे लाज वाटायची. इतकं कडक कुणी पाळत नाही, सिफिस. आम्हाला वाटायचं, निदान तुझ्यासमोर तरी नीट वागावं."

"मी तर तुमच्यासाठी पाळत होतो," सिफिस म्हणाला.

हे वाक्य कुणालाच नीट कळलं नाही. पाद्रीबाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, मी प्रवचनात तुझं उदाहरण देतो. सिफिसकडे बघा म्हणतो. अशा माणसाला कोण सांगणार, बाबा रे, सोडून दे म्हणून?"

"आई सांगणार होती," एव्हान्थिया म्हणाली. "आम्ही तिलाच पुढे केलं, म्हटलं, तिचं तू ऐकशील. मी मेले तरी वाजव, असं सांगणार होती. गुरुवारी म्हणाली, सांगायला गेले तर मेल्यानं बोलूच दिलं नाही."

निकिफोरोसही मातीला पिकअपनं आला होता. तो एवढ्यात सिफिसच्या घरून लिरा घेऊन आत शिरला, पांढरा शर्टही खांद्यावर टाकलेला. "चला, मालक. शर्ट काळाच राहू दे हवं तर, समुद्राच्या अंधारात कुणाला दिसतोय." त्यानं लिरा पुढे केली.

लिरा घ्यायला दोन्ही हात लागतात. सिफिसनं डावा हात खिशातून काढला.

वाजवणारा माणूस, म्हणून निकिफोरोसला आधी दिसलं. त्यानं लिरा टेबलावर ठेवली. "कधी?"

"घंटा वाजत होती तेव्हा."

"घंटा संपेपर्यंत तरी थांबायचंस, अरे."

मग सगळ्यांनाच दिसलं. एव्हान्थियानं डोक्यावरच्या काळ्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. आईसाठी ती एवढी रडली नव्हती. अनाग्नोस्तिसनं विचारलं काय झालं, आणि कुणीतरी त्याच्या कानात सांगितल्यावर त्यानं टोपी काढली.

"एकदा तरी कुणी बोलायचंत," सिफिस म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "इतक्या वर्षांत. एकदा. रस्त्यात, दारू पिऊन, भांडताना, कसंही. मी अथेन्सला गेलो असतो. मेलबर्नला गेलो असतो."

"तू विचारायचंस," मानूसोस म्हणाला. त्याला टोचून बोलायचं नव्हतं. खरंच त्याला दुसरं काही सुचलं नाही.

सिफिस खुर्चीवर बसला आणि लिरा गुडघ्यावर उभी धरली. त्यानं बापाची चाल सुरू केली, पहिली. बोटांच्या नुसत्या मांसाखाली तार घरघरली, सूर जागेवर येईना, वरच्या जागी तर नुसता गज खरवडल्याचा आवाज आला. चार ओळी तो रेटत राहिला. मग थांबला.

निकिफोरोसनं फोन लावला. तिकडची माणसं आधी ओरडली, मग म्हणाली, फोतिस ऐकायला म्हणून येऊन बसलाय, त्याला सगळ्या चाली येतात, तोच वाजवील. सिफिसची चाल म्हणून नक्की सांगेल. अथेन्सचा माणूसही तयार होता. त्याला टेप भरून न्यायची होती, कुणाच्या नखांनी भरते त्याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

"तू जा," सिफिस निकिफोरोसला म्हणाला. "लाऊतोच्या जागा तुला पाठ आहेत, त्याला नाहीत." निकिफोरोस खूप वेळ उभा राहिला आणि मग गेला, कारण जाणं भाग होतं. मग सिफिस बाकीच्यांकडे वळला. "तुम्हीही जा. बस उभी आहे. माझ्या चाली आहेत, जाऊन ऐका तरी."

कुणी हललं नाही.

"कसं जाणार?" मानूसोस म्हणाला. "तू इथं हे असं पाळून बसलेला, आणि आम्ही तिकडे गाणं ऐकायला? कुठल्या तोंडानं?"

"अरे, मी सांगतोय ना जा म्हणून."

"तू मोठ्या मनाचा आहेस म्हणून सांगतोयस," पाद्रीबाबा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बायकांनी मोती काढून रुमालात बांधले. बस रिकामीच डोंगर उतरली.

सूर्य समुद्राकडे कलला तेव्हा सिफिस ओट्यावर बसला होता. किल्ल्यावर आता माणसं येऊन बसत असतील. फोतिस घसा खाकरत असेल. गावात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मानूसोसच्या मागच्या खोलीच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड तेवढा हलत होता, आवाज मात्र नाही. वरच्या अंगाला एव्हान्थियाच्या खिडकीतही तसाच, पोरं बघत असतील. आज पहिल्यांदाच त्याला तो उजेड दिसला. इतकी वर्षं तो तिथंच असणार.

तो उठला, ओट्याच्या कडेला आला आणि छातीच्या तळापासून ओरडला, "आवाज मोठा करा रे! ऐका काय ऐकायचं ते! गाणी लावा!"

हाक समोरच्या कड्यावर जाऊन परत आली.

"आत ये," गारिफालिया दारातून हळूच म्हणाली. "लोक म्हणतील, आत्याच्या दुःखानं डोकं फिरलं ह्याचं."

मानूसोसच्या खिडकीतला निळा उजेड विझला. मग एव्हान्थियाच्या. मग खालच्या आळीतले, त्याला माहीतही नव्हते असे, एकेक करून. त्या रात्री अर्गिरो आत्याचं सुतक अख्ख्या गावानं पाळलं, इतकं कडक त्या गावात आजवर कुणाचंच पाळलं गेलं नव्हतं.